वाचादादांची मात्रा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चार वर्षांची झाली तरी न बोलणारी छोटी मंचावर उभी होती आणि वाचादादा एकेक चित्र वर धरत होते.

"फूल. मासा. घर. छत्री," छोटी घडाघडा म्हणत गेली.

"पाहिलंत? एक बोट मंतरलेला मध! जिभेचं कुलूप मी उघडतो, किल्ली वरून येते!" दादा गरजले. टाळ्या कडाडल्या. छोटीच्या आईच्या डोळ्यांना धार लागली.

मागे भिंतीला टेकलेल्या वाचोपचारतज्ज्ञ बाई मात्र दातओठ खात होत्या. छोटी वर्षभर त्यांच्याकडे येत होती. आधी नुसती किंचाळायची, मग आईचा हात ओढून वस्तू दाखवू लागली, मग कुठे "दे" म्हणाली. त्यासाठी बाईंनी जिवाचं रान केलं होतं. "तुमच्याकडे वर्षात एक शब्द, दादांकडे महिन्यात ढीगभर," असं सुनावून आईने येणं बंद केलं. बोलणं रुजायची ही वर्षं हातची गेली तर काय, हे कोण ऐकतंय!

एवढ्यात बाईंच्या लक्षात आलं, छोटी चित्रांकडे बघतच नव्हती. तिची नजर मधाच्या बाटलीवर होती. बाई तडक मंचावर चढल्या.

"चित्रं जरा पिसू द्या."

"मात्रा कोपेल, ताई!"

"का? पिसल्याने मध आंबतो?"

लोक हसले. बाईंनी चित्रं ओढून घेतली, पिसली आणि छत्री दाखवली.

"फूल," छोटी म्हणाली.

घर दाखवलं. "मासा."

कोरा कागद धरला. "घर."

हसू विरलं.

"तीच चित्रं, तोच क्रम, वर मधाची लालूच. पोर हुशार, तिने पाठ केलं. याला बोलणं म्हणतात?"

"आमचं चांगलं बघवत नाही तुम्हाला!" आई उसळली.

"तहान लागली की घरी काय म्हणते ती?"

आईचा आवाज खाली आला. "रडते."

"आणि 'दे'?"

"हल्ली म्हणत नाही."

बाईंना रडू फुटेल असं वाटलं. त्या सभागृहाकडे वळल्या. "मूल काय म्हणून दाखवतं ते मोजू नका. त्याला काही हवं असतं तेव्हा ते आपणहून कसं सांगतं, ते बघा. वाढ तिथे दिसते. आणि चमत्कार दिसला की आधी चित्रं पिसून बघा!"

दादा बाटली उचलून पडद्यामागे सटकले. आईने छोटीला कडेवर घेतलं.

"उद्यापासून आणू का हिला?"

"उद्या कशाला? आत्ताच चला."