चर्चकडे घे, पबकडे घे

आमच्या कॉर्नवॉलचं धुकं एवढं घट्ट असतं, की एकदा मी त्याच्यावर दोन चादरी वाळत घातल्या. दुपारी धुकं उठलं आणि चादरी त्याच्याबरोबर वर गेल्या. ही गोष्ट मी कुठंही सांगितली, की डेन्झिल पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "एकच चादर होती, पोरी. आणि ती कुंपणावर होती."

डेन्झिल म्हणजे माझा नवरा. लग्नाच्या आधीपासून मला पोरी म्हणतो. आता पोरीचे गुडघे जिना चढताना जुन्या फाटकासारखे करकरतात, तरी पोरीच. मी थापा मारायच्या आणि त्यानं त्यातली हवा काढायची, असा आमचा संसार. बायका हळहळायच्या, वेना बिचारी, नवरा एक गोष्ट धड पुरी करू देत नाही म्हणून. त्यांना काय कळणार. कुणीतरी टाचणी घेऊन बसलंय हे माहीत असलं, की फुगा फुगवायला जोर येतो.

ही टाचणी गेल्या हिवाळ्यात बोथट झाली. शेजारणीला गोष्ट सांगताना मी दोन चादरींच्या पाच केल्या. हा गप्प. पुढच्या खेपेला धुक्यावर एक मेंढी चरायला सोडली. हा चहा ढवळत बसला. शेवटी मीच म्हणलं, अरे मेंढी, डेन्झिल, मेंढी. तो म्हणाला, हं.

मग वसंतात त्यानं कॅराव्हॅनला मोटर बसवून घेतली, आणि माझी खात्रीच झाली की या माणसाचं माझ्यावाचून काही अडत नाही.

मोटरचं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई मोटरीवर काय रुसते. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागं जोडायचं आमचं चाकांवरचं घर, पुढं न्यायला कुणालाही येतं. मागं घेताना मात्र ती नवऱ्याचा स्वभाव दाखवते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, की तिची शेपटी जाते उजवीकडे. त्यामुळे बायको मागं उभी राहून "डावीकडे" म्हणाली, तर स्टिअरिंग डावीकडे की शेपटी डावीकडे? कुठल्याही कॅम्पवर संध्याकाळी जाऊन बसा, यावरून भांडणारं एक तरी जोडपं दिसेल. आम्हीही भांडलो. आमच्या घरामागच्या गल्लीत कॅराव्हॅन आत घ्यायला शिकत होतो, तेव्हा मी रागानं म्हणलं, मरू दे तुझं डावं-उजवं, शेपटी चर्चकडे घे. गल्लीच्या एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला पब. त्यानं घेतली. एका दमात आत.

तेव्हापासून आम्ही डावं-उजवं सोडलं. माझी सासू कट्टर चर्चवाली, दारूचा वाससुद्धा न घेणारी. तिच्या लेकाला बायको भर गल्लीत ओरडून सांगतेय, पबकडे, पबकडे, अजून जरा पबकडे, आणि तो मुकाट्यानं जातोय. तिनं रविवारी माझ्यासाठी वेगळी प्रार्थना केली म्हणे. पुढं आम्ही तेच शब्द घेऊन फ्रान्स पालथा घातला. एका गावात मी चर्च चर्च ओरडत होते, तर एक म्हातारा फ्रेंच माणूस हात धरून मला खरोखरच्या चर्चपर्यंत पोचवून आला. (ही थाप नाही. विचारा डेन्झिलला, असं पूर्वी म्हणायचे.) आता आमच्या गल्लीतल्या चर्चमध्ये गालिच्यांचं दुकान आहे आणि पबला फळ्या ठोकल्यात, पण आमच्यासाठी ती दोन्ही जागच्या जागी होती.

आणि एक गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. कॅराव्हॅन मागं घेताना डेन्झिल माझ्याकडे बघायचा. आधी या आरशातून, मग त्या आरशातून. मी हात हलवला की मान हलवायचा. एरवी आपण एकमेकांकडे कुठं एवढं बघत असतो, एवढ्या वर्षांनी.

तर मोटर. ती कॅराव्हॅनच्या चाकांना बसते. गाडी सोडवायची, हातात रिमोट घ्यायचा आणि बटणं दाबायची. कॅराव्हॅन आपली आपण जागेवर जाऊन बसते, शिकवलेल्या गाईसारखी. मागं कुणी उभं राहायला नको. डेन्झिलनं ती आणली तेव्हा मी विचारलं, मग मी काय करायचं? तो म्हणाला, तू बस ना आरामात. हे त्यानं प्रेमानं म्हणलं की कंटाळून, तेच मला समजेना. मी ठरवलं, या सहलीत त्याच्या तोंडून एकदा तरी "खोटं बोलतेस, पोरी" काढून घ्यायचंच. काढता आलं तर आमचं अजून बरं चाललंय. नाही आलं तर घरी जाऊन दोन खोल्यांत दोन टीव्ही लावायचे.

जूनमध्ये प्लिमथहून फ्रान्समधल्या रॉस्कॉफची बोट धरली. पलीकडे मांस न्यायची बंदी, म्हणून डेकवर सगळे आपापल्या पेस्ट्या, म्हणजे आमच्याकडच्या भाजलेल्या मोठ्या करंज्या, संपवत होते. आम्हीही मटण-बटाट्याच्या दोन संपवल्या. मग चहाला खाली गेलो, तिथं आमच्या शेजारच्या परगण्यातलं, डेव्हनचं एक जोडपं आमच्या टेबलावर आलं. ते त्यांच्या बनवर आधी साय लावायला लागले, मग वर जॅम.

कॉर्नवॉलच्या माणसासमोर असं करत नाहीत. आधी जॅम, मग साय, हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. यावरून डेन्झिलनं एकदा सख्ख्या मावसभावाशी बोलणं टाकलं होतं. मी पाय ताणून बसले, म्हणलं आता गंमत. डेन्झिलनं त्यांच्याकडे बघितलं, स्वतःचं बन उचललं, आणि त्यांच्यासारखीच आधी साय लावली.

मी हातातलं बन खाली ठेवलं. वाटलं, या माणसाला आता भांडायचासुद्धा कंटाळा आलाय.

म्हणून मी माझी सगळ्यात मोठी तोफ काढली. आमच्या पहिल्या फेरीची गोष्ट. वाऱ्यानं माझी टोपी उडाली, ती बोटीच्या धुराड्याला अडकली, तिथं एका सीगलनं तिच्यात अंडं घातलं, आणि रॉस्कॉफला टोपी खाली पडली तीच माझ्या डोक्यावर. कस्टमवाला विचारतोय, अंडी आहेत का, आणि मी नाही म्हणतेय, तोवर डोक्यावर पिल्लू बाहेर. ते पिल्लू फ्रान्सचा सगळा ब्रिटनी प्रांत डेन्झिलच्या कोटाच्या खिशात बसून फिरलं. परतताना बोटीवरून उडालं, आणि अजून दरवर्षी ओळख द्यायला बोटीमागं येतं. डेव्हनवाली बाई हसून हसून लाल झाली. आता डेन्झिलचं वाक्य यायचं. ते ठरलेलंच होतं, इतक्या वर्षांत एक अक्षर बदललं नव्हतं. टोपी उडाली, पोरी, बाकी काही झालं नाही.

मी थांबले. डेव्हनवाले थांबले. डेन्झिल खिडकीतून समुद्राकडे बघत होता. मग त्यानं मला हळूच विचारलं, गाडी कुठल्या मजल्यावर लावलीय आपण?

मी एकटीच वर डेकवर गेले आणि उतरायची वेळ होईपर्यंत तिथंच उभी राहिले. भरल्या बोटीवर असं एकटं वाटेल हे कुणी मला सांगितलं असतं, तर त्याला मी थापाडा म्हणलं असतं.

कॅम्प समुद्राकाठी होता, उतारावर. आदल्या दिवशी पाऊस पडून गवत साबणासारखं झालेलं. आमची जागा कुंपण आणि एका डच जोडप्याचा तंबू यांच्या मधली. तंबू असा ताणलेला की त्यावर तबला वाजवावा. डच बाई दोरीवर टॉवेल रंगाप्रमाणे लावत होती. डेन्झिलनं गाडी सोडवली, रिमोट काढला, बटण दाबलं. कॅराव्हॅन दोन हात सरकली आणि चाकं जागच्या जागी चिखल उडवायला लागली. मोटर जरा वेळ रडली आणि मग गप्पच झाली.

खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. आता पुन्हा गाडी जोडायची, आणि मी मागं उभं राहायचं. मी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि करकरत्या गुडघ्यांनी पळत मागं गेले. दोन्ही आरशांत मी दिसतेय ना, हे वाकून बघितलं. हात वर केला.

"चर्चकडे," मी म्हणलं.

कॅराव्हॅन पबकडे गेली.

"चर्चकडे घे, डेन्झिल."

अजून पबकडे. डच माणूस खुर्चीतून उठला. मी चर्च म्हणत राहिले, आणि शेपटी टॉवेलांच्या दोरीत शिरली. निळे टॉवेल आमच्या मागच्या दिव्यावर येऊन बसले, तंबूचा एक खांब वाकला, आणि डच बाई त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. ते मला न कळताच कळलं. माझ्या मनात आलं, हा मुद्दाम करतोय. मोटर बंद पडली त्याचा राग माझ्यावर काढतोय.

मी तरातरा पुढं गेले. खिडकी वाजवली. त्याला बरंच काय काय ऐकवायचं होतं, बोटीवरचं आणि सगळ्या हिवाळ्याचं. त्यानं काच खाली केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, आणि कपाळावर घाम.

"चर्च कुठल्या बाजूला होतं, पोरी?" तो म्हणाला.

मागून डच माणूस इंग्रजीत म्हणत होता, काही हरकत नाही, काही हरकत नाही, आणि हरकत आहे हे त्याच्या आवाजात दिसत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासून असेल. शब्द येतो, पण बाजू येत नाही." मग म्हणाला, "तू मागं उभी राहून ओरडणार आणि मला कळणार नाही, म्हणून मोटर आणली."

बोटीवर तो गप्प का होता, हे मी विचारलं नाही. ते त्यानंच सांगितलं, समोरच्या कुंपणाकडे बघत. म्हणाला, तू गोष्टी सांगतेस तेव्हा खरं काय आणि थाप काय ते मला आता लागत नाही. चुकीच्या ठिकाणी टोकलं तर तुला कळेल, म्हणून टोकत नाही.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. स्टिअरिंगसकट. मग डच माणसाला सांगितलं, खांबाचं बघू आपण, आधी आम्हाला आत जाऊ दे. आणि मागं जाऊन मध्ये नाही, कुंपणाच्या कडेला उभी राहिले, एकाच आरशात दिसेन अशी.

"माझ्याकडे ये," मी म्हणलं.

तो आला. शेपटी सावकाश माझ्याकडे वळली. फार जवळ आली तेव्हा मी दुसऱ्या कडेला गेले आणि पुन्हा म्हणलं, माझ्याकडे. असं इकडून तिकडे पळत मी त्याला आत आणलं. कॅराव्हॅन वाकडी बसली. पूर्वी तो पाणसळ लावून एकेक चाक उचलून सरळ करायचा. त्या दिवशी त्यानं पाणसळ काढलीच नाही. जेवताना ताटातले सगळे मटार त्याच्या बाजूला गोळा झाले, आणि तो ते एकेक करून खात बसला. मी त्याला मटारांवरून एक थाप सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो खरं धरून चालला असता.

पुढचे दिवस मी खरंच बोलले. आज ऊन आहे. पाव ताजा आहे. डच बाईनं टॉवेल पुन्हा धुतले. खरं बोलायला काही लागत नाही, आणि ते बोलून झालं की खोलीत काही उरतही नाही. तो माझ्यावर विश्वास ठेवून माझ्याकडे बघत बसायचा. इतकं बघायचा, की मला आरशाची आठवण यायची.

परतीच्या बोटीवर आम्ही मागच्या डेकवर उभे होतो. मी त्याचा कोट धरून ठेवला होता, वाऱ्याचं कारण सांगून. फ्रान्सचा किनारा बारीक होत चालला होता. एक सीगल बोटीमागं लागला, सगळे लागतात तसा, कुणाच्या तरी पावासाठी.

डेन्झिल त्याच्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्यानं कोटाच्या खिशात हात घातला, आत काहीतरी चाचपलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की तसा मी हिवाळ्यापासून बघितला नव्हता.

"आपलंच ते," तो म्हणाला. "टोपीतलं."

त्याचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. टोपी उडाली, बाकी काही झालं नाही. दोघांपैकी कुणीतरी ते म्हणायलाच हवं होतं, आणि आता म्हणणारी मीच उरले होते.

"आपलंच," मी म्हणलं. "केवढं मोठं झालंय बघ."

त्यानं खिशातून पावाचा तुकडा काढून वर धरला. सीगल आला, तुकडा घेतला, आणि जाताना त्यानं डेन्झिलला मान लवून नमस्कार केला. मी सांगते तुम्हाला, केला. आता यात कुणी मला टोकणार नाही.