गल्लीतल्या बारागाड्या

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात बारागाड्या निघायच्या. एकमेकींना जोडलेल्या बैलगाड्या, वर माणसंच माणसं, आणि ओढणारा भगत एकटा. पोरांना दम कुठला! त्यांनी सकाळीच गल्लीत आपल्या काढल्या: केळीच्या क्रेटना खाली बेरिंगं ठोकून दोरीने जोडलेल्या. भगत झाली होती सातवीतली ऋतिका. तीन ओढींत गाड्या तिच्या आजोबांच्या, आबांच्या, ओट्याला लागल्या नाहीत, तर भगतपण शेजारच्या भूषणकडे जाणार होतं.

तिची आई मोनाली पदराखाली कापूस आणि पट्टीची गुंडाळी घेऊन दारात उभी. पोरगी पडणारच, ही तिची खात्री.

पहिल्या ओढीला गल्लीतली सगळी पोरं वर चढली. ऋतिका लालबुंद झाली. गाड्या कुरकुरत जेमतेम सरकल्या. वरून भूषणने विचारलं, "भगतबाई, जेवून आल्या ना?"

चिडून तिने सगळ्यांना उतरवलं आणि तेवढाच जोर लावला. रिकाम्या गाड्या अशा सुसाट सुटल्या की तिने बाजूला उडी मारली, गाड्या वाकड्या जाऊन खाटेवर आदळल्या आणि वाळत घातलेले पापड गल्लीभर उडाले. मोनाली किंचाळली. पण पोरगी धड आहे हे दिसताच तिला कॉलेजातलं भौतिकशास्त्र आठवलं.

"ओढ तीच गं, वस्तुमान बदललं," ती म्हणाली. "निम्मं केलंस की वेग दुपटीने वाढत जातो. म्हणून मधलं वजन घे, आणि ओढलं की बाजूला हो."

मधलं वजन आणायचं कुठून? पोरं तर पापड खाण्यात गुंग. सासरे, जीवरामआबा, पापड झटकत म्हणाले, "मोनाली, मंग तूच बठी जाय ना!"

नको नको म्हणता ती क्रेटमध्ये बसलीसुद्धा, गुडघे हनुवटीला लावून. भूषण हसून लोळायला लागला. ऋतिकाने दोरी खांद्यावर घेतली, ओढली. गाड्या हलल्या, वेग धरला, अजून धरला. मोनालीच्या हातून गुंडाळी सुटली आणि पांढरी पट्टी मागे फडफडत निघाली. ऋतिका वेळेवर बाजूला झाली. गाडी ओट्याला टेकली, ठक्.

भूषणने हार मानून ऋतिकाच्या कपाळाला भगताच्या मानाची हळद लावली. आबा सुनेला हात द्यायला वाकले, पण ती उठेना.

"ऋतू," ती म्हणाली, "आता जरा जास्त जोर लावून बघ ना."