आश्रुबांचा डावा कान

"आणि तुमचं प्रदर्शन साधारण किती दिवस चालतं, काका?"

प्राचीनं हे विचारलं तेव्हा माणिकराव पालमच्या बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून लोह्याच्या गाडीची नोंद करत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खरंच विचार केला.

"एक दिवस. सकाळी पहिली गाडी लागायच्या आत पुसतो, नवीन काढतो."

प्राची परभणीहून आली होती. जिल्ह्यातले कलावंत आपलं काम लोकांसमोर कसं मांडतात, कुठं टांगतात, कुठं छापतात, याचा ती एम.ए.साठी अभ्यास करत होती. पालमचा कंट्रोलर स्टँडवरच्या फळ्यावर रोज खडूनं चित्र काढतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या प्रश्नावलीत दालनाचं नाव, कॅटलॉग, रसिकांचे अभिप्राय असे रकाने होते. माणिकरावांपुढं ते एकेक करून रिकामे राहत होते.

फळा खरं तर सुविचारासाठी होता. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी माणिकरावांना सुविचार सुचेना, म्हणून त्यांनी समोरच्या बाकाखाली बसलेली शेळी काढली. लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेळीचा मालक काढला. मग भजी तळणारा, टेकून झोपलेला कंडक्टर, परीक्षेला निघालेल्या पोरी. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नव्हती आणि कलावंत हा शब्द आपल्यासाठी असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"जुनी चित्रं काही ठेवलीत का?"

"कशी ठेवणार? फळा तर एकच हाय."

तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"सायेब, मी धुरपताबाई. आश्रुबाच्या घरची."

माणिकरावांना ओळख पटली. आश्रुबा दर बाजाराला यायचे. कमी ऐकू यायचं, म्हणून घटकेघटकेला खिडकीत कान लावून विचारायचे, "गंगाखेड लागली का?"

"कसे हायत आश्रुबा? लय दिवस दिसले न्हाईत."

"गेले की. दिवाळीच्या मागं." तिनं पिशवी कट्ट्यावर ठेवली. "तुमी त्यांचं चितर काढलं व्हतं, दोन वर्सं झाली. मालक घरी येऊन चार दिवस तेच सांगायचे. सारा स्टँड मला पाहायलाय म्हनायचे. मला काय रान सोडून यायला जमलं न्हाई. आता म्हनलं मागून न्यावं. घरात आधार कार्डाचा फोटो हाय, पर त्यात मानूस वळखू येत न्हाई."

ते चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं माणिकरावांनीच पुसलं होतं. बारा वर्षांत हजारो पुसली होती, एकदाही हात अडखळला नव्हता.

"ते न्हाई राह्यलं, मावशी. मी पुसून टाकलं."

"आसू द्या," ती म्हणाली आणि पिशवी उचलून वळली.

"थांबा जरा."

माणिकराव बाहेर आले. आज फळ्यावर टरबुजांचा गाडा होता. तो त्यांनी पुसला आणि भर दुपारी, भरल्या स्टँडवर खडू हातात घेतला. टोपी आली, गालांची हाडं आली, कानामागं धरलेला पंजा आला.

"उजवा कान काढलाव तुमी," मागून धुरपताबाई म्हणाली. "उजवा पार गेलता. डाव्यानं ऐकायचे."

त्यांनी पंजा पुसून डाव्या कानाशी काढला.

"आन हसताना डोळे मिटायचे."

त्यांनी डोळे मिटवले.

"वरचे दोन दात नव्हते."

दातही गेले. मग मागून आवाज आला नाही. माणिकरावांनी वळून पाहिलं. धुरपताबाई बाकाच्या कडेला बसली होती आणि डोक्यावरचा पदर नीट करत होती, घरात मोठं माणूस आल्यावर करतात तसा.

"आरं, आश्रुबा की हा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक जवळ आले. एक गाडी गेली, दुसरीही गेली, धुरपताबाई बसूनच राहिली. प्राचीनं फोटो काढला आणि मोठा करून गावी आणून देते म्हणाली.

"आन माय. भिंतीला लावंन."

चारला गंगाखेडची शेवटची सोयीची गाडी लागली, तेव्हा धुरपताबाई उठून फळ्यापाशी गेली.

"उद्या पुसनार न्हवं का तुमी?"

"न्हाई पुसत. राहू द्या आठ दिवस."

"नगं. लोक नवं पाहायला येतेत. त्यायचं काहून मोडायचं?" ती थोडा वेळ चित्राकडं बघत राहिली. "मीच पुसू का?"

माणिकरावांनी फडकं पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. पदराचं टोक हातात धरून तिनं आधी टोपी पुसली, मग मिटलेले डोळे, मग हसू. डावा कान शेवटी. घाई केली नाही. प्राचीच्या हातातली वही मिटलेलीच होती.

खडूनं पांढरा झालेला पदर तिनं झटकला नाही. त्याची घडी घालून छातीशी धरली आणि गाडीत चढली. ती खिडकीशी नीट बसेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली नाही.