पहिली पाच मिनिटं

गल्लीतली पोरं त्यांना बाटलीमामा म्हणायची. आयुष्यात दारूचा थेंब न चाखलेल्या माणसाला हे नाव चिकटावं, आता याला काय म्हणायचं! पण सव्वीस वर्षं पाणीखात्यासाठी नमुने गोळा करणाऱ्याच्या खांद्याला दुसरं लटकणार तरी काय? सकाळी बाटल्यांची पेटी घ्यायची, ठरलेल्या नळावर जायचं, पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं, तोटी ज्योतीनं शेकायची, बाटली भरायची, आणि किती मिनिटं पाणी सोडलं ते फॉर्मवर लिहायचं. तोटीशी साचलेल्या पाण्यापायी अख्ख्या लाइनला दोष लागू नये, म्हणून हा पाच मिनिटांचा नियम.

नियम करणाऱ्याच्या घरी चोवीस तास पाणी येत असणार. मामांच्या बहिणीच्या, ताईच्या गल्लीत ते दिवसातून चाळीस मिनिटं यायचं. त्यातली पाच मिनिटं गटारात सोडली असती, तर बायकांनी मामांना फाडून खाल्लं असतं. म्हणून मामा आपणच नळाखाली कळशी सरकवायचे. पाणीही वाया जायला नको आणि नियमही मोडायला नको. दर मंगळवारी ताईची कळशी भरून झाली की ते बाटली भरायचे. नमुना दर वेळी स्वच्छ यायचा.

आणि आता ताईची लेक, मामांची एकुलती एक भाची, सातव्या महिन्यात कावीळ होऊन इस्पितळात पडली होती. डोळे पिवळेधमक. "या दिवसांत ही कावीळ वाईट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आत्ताच काही सांगता येत नाही." त्याच गल्लीतले अकरा जण आधीच त्या वॉर्डात येऊन गेले होते.

ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. तीन दिवसांत तिनं धड वेणीसुद्धा घातली नव्हती.

"मला कळतच नाही रे," ती म्हणाली. "मी पोरीला साधं पाणी देतच नव्हते. तू भरलेली कळशी वेगळी झाकून ठेवायचे. म्हटलं, तपासलेलं पाणी आहे, पोटुशीला तेच द्यावं. पुरवून पुरवून वापरायचे."

"उकळायची नाहीस?"

"तपासलेलं कशाला उकळू?"

नळ कोरडा असतो तेव्हा पाइपाच्या भेगांतून आजूबाजूची घाण आत शिरते, आणि पाणी सुटलं की पहिल्या धारेबरोबर ती बाहेर पडते. हे मामांना सव्वीस वर्षं ठाऊक होतं. त्या धारेखाली आपण कळशी धरतोय, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या धारेचीच बाटली भरली आणि फॉर्मवर खरं तेच लिहिलं, शून्य मिनिटं. प्रयोगशाळेत त्यात नको ते सगळं निघालं, आणि फॉर्मवर शिक्का बसला: अग्राह्य.

खात्यातले साहेब वयानं मामांहून धाकटे, माणूस वाईट नव्हता.

"मामा, मी काय करू? नियमाप्रमाणे घेतलेला नमुना दूषित आला तरच रस्ता खणता येतो. कायदाच तसा आहे."

"बारा माणसं आजारी पडलीत, साहेब. बारावी माझी भाची."

"आजारी माणसं आरोग्यखात्याची. आपल्याकडे फक्त बाटल्या." बोलताना त्यांनाच लाज वाटली असावी, ते खिडकीबाहेर बघत होते. "नवा पाणीकायदा लिहिला जातोय. आपलंही मत मागवलंय. पाच मिनिटांचं कलम बदला, असं कळवतो. पण पुरावा लागेल, आणि अग्राह्य नमुना पुरावा होत नाही."

"तोवर काय?"

साहेबांनी हात वर केले.

मामा जिना उतरले. भाची वाचली तर त्याच नळावर परत येणार होती, पोटातल्या बाळासकट. मंगळवारी त्यांनी पुन्हा पहिल्या धारेची बाटली भरली आणि फॉर्मवर लिहिलं, पाच मिनिटं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि मेलं अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

नमुना दूषित ठरला. तिसऱ्या दिवशी रस्ता खणला, तर फुटक्या गटाराखालीच तडकलेला पाइप. नवा पाइप पडला. भाचीचे डोळे हळूहळू निवळले, आणि तीन आठवड्यांनी ती बाळ पोटात सुखरूप घेऊन घरी आली. "तुझ्यामुळे सापडलं रे," म्हणत ताई त्यांच्या गळ्यात पडून रडली. कळशीचं तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

मग एका दुपारी साहेबांनी बोलावलं. स्वारी भलतीच खुशीत होती.

"बसा मामा! नव्या कायद्याच्या मसुद्यावरचं आपलं मत तयार आहे." त्यांनी कागद वाचून दाखवला. "'पाच मिनिटे पाणी सोडूनही दोष सापडला. सध्याची पद्धत पुरेशी आहे. कलमात बदल नको.' उगाच घाबरलो होतो आपण. नमुना तुमचा, तेव्हा खाली तुमची सही हवी."

मामांनी पेन घेतलं. इतका थकवा आला होता की सही ठोकावी आणि घरी जाऊन झोपावं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कोणाला कळणार होतं?

"साहेब, तो मंगळवारचा फॉर्म काढा जरा."

साहेबांनी फाइलीतून फॉर्म काढून दिला. मामांनी त्यावरचं पाच खोडलं, शेजारी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

"ही पहिली धार आहे. पाच मिनिटं सोडलेलं पाणी कायम स्वच्छच यायचं, सव्वीस वर्षांचे फॉर्म काढून बघा. आणि पाइप तुम्ही स्वतः खणून पाहिलात. पुरावा हवा होता ना? घ्या."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, काय करताय हे! नोकरी जाईल! भाची घरी आली ना तुमची? ताईची गल्ली नीट झाली ना?"

"झाली."

"मग आता कशाला?"

"माझ्याकडे अठ्ठेचाळीस नळ आहेत, साहेब," मामा म्हणाले. "प्रत्येकाखाली कळशी मीच सरकवतो."