आवृत्ती नऊ

साईनाथने नव्या कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळली, नारळ दाराबाहेरच्या पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा रतनशेठच्या हातावर ठेवला. विठ्ठलवाडीच्या या जीन्सच्या कारखान्यात दर नव्या मशीनला एवढा मान मिळे. मग पडद्यावर अक्षरं उमटली : आवृत्ती नऊ.

पँटचे तुकडे कापडावर कसे मांडले तर चिंध्या कमी पडतील, हे ठरवणारा प्रोग्राम साईनाथने पंचवीस वर्षांपूर्वी कोपरीतल्या घरी बसून लिहिला होता. तेव्हा एका मांडणीला सहा तास लागत. पुढच्या मशीनवर तीन, त्यापुढच्यावर दीड. दरवेळी रतनशेठ पाठ थोपटत आणि दरवेळी साईनाथ म्हणे, "थोडी सुधारणा केलीय." सुधारणा म्हणजे आवृत्तीचा आकडा बदलायचा, बस्स. बाकी सगळं नवा प्रोसेसर करायचा. पहिल्यांदा हे सांगताना त्याची जीभ अडखळली होती. नंतर सरावली, आणि पुढे पुढे तर त्यालाच ते खरं वाटू लागलं.

गेल्या मशीनवर अकरा मिनिटं लागत होती. आज साडेनऊ लागली.

"काका, पाच मिनिटांच्या आत नाही आलं तर बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल," योगिनी म्हणाली. रतनशेठची ही मुलगी आता कारखाना सांभाळत होती. "आणि हे बघा ना, या प्रोसेसरमध्ये सोळा कोअर आहेत, त्यातला एकच पळतोय. बाकीचे नुसते बसलेत."

साईनाथला ते ठाऊक होतं. सोळा जणांत काम वाटायचं तर प्रोग्राम मुळापासून नव्याने लिहायला हवा, आणि तेवढं आता आपल्याच्याने होणार नाही, हेही ठाऊक होतं. एकट्या कोअरचा वेग काही आता पूर्वीसारखा दुप्पट होत नव्हता. आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून हा एकच कारखाना उरला होता.

"त्याला वेळ दे गं," रतनशेठ म्हणाले. "सहा तासांवरून इथवर आणलंय त्याने. डोकं आहे त्याचं."

"तेच बघते ना, पप्पा. काका, तुमची आवृत्ती एक याच मशीनवर लावूया. तुम्ही किती सुधारलंय ते आकड्यात कळेल. मग मलाही थांबता येईल."

ती हे अगदी भल्या मनाने म्हणत होती. ती फाइल हरवली असं सांगावं, एवढं साईनाथला सुचेपर्यंत योगिनीने ती शोधून सुरूही केली होती.

तिघंही पडद्याकडे बघत बसले. शेजारच्या खोलीत शिलाई मशीनं चालू होती. साडेनऊ मिनिटं झाली आणि मांडणी तयार झाली.

योगिनीने दोन्ही आकडे पाहिले, मग साईनाथकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. रतनशेठ मात्र चष्मा सरसावून पडद्याजवळ आले.

"बघ," ते कौतुकाने म्हणाले, "पहिल्याच वेळी किती पक्कं लिहिलेलंस रे तू."