माळ्यावरचे सत्कार

रतिलालआप्पांना आयुष्यात सदतीस सत्कार मिळाले होते, आणि ते कशाबद्दल मिळाले हे लग्नाला बत्तीस वर्षं होऊनही कौसाबाईला कळलं नव्हतं. कबड्डीच्या सामन्याला ट्रॉफी, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला शाल. खुर्ची रिकामी दिसली की आप्पा बसायचे, आणि बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं!

यंदा मात्र त्यांच्या हातून एक शहाणपणाचं काम झालं. लेक रुपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तीही ऐन वैशाखात. तापीकाठचं ऊन, वर पत्रा, मधे फळ्यांचा माळा आणि खाली भट्टीसारखी तापणारी खोली. कौसाबाईनं टुमणं लावलं तेव्हा कुठे आप्पांनी खांडबाऱ्याच्या दानियल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं माळ्याच्या फळ्यांवर चंदेरी, चकचकीत फॉइल अंथरली.

"आप्पा, पत्र्याची झळ या चकाकीवरून वरच्या वर माघारी जाते," दानियल म्हणाला. "पण ती उघडी पाहिजे. वर काही ठेवू नका. आणि धूळ बसू देऊ नका."

"माले शिकाडस का तू?" आप्पा म्हणाले.

पहिले आठ दिवस खोलीत खरंच बसवत होतं. कौसाबाईला कितीतरी वर्षांनी उन्हाळ्यात दुपारची झोप लागली, आणि तिथंच घात झाला. ती झोपली आणि आप्पा शिडी चढले.

एवढी लखलखीत जागा रिकामी बघून त्यांचा जीव कासावीस झाला असणार. सगळ्या ट्रॉफ्या वर गेल्या. फॉइलमध्ये प्रत्येक ट्रॉफी दोनदा दिसत होती, म्हणजे सत्कारही आपोआप दुप्पट झाले! येईल त्या पाहुण्याला आप्पा शिडीवर चढवू लागले. मग त्यांना दानियलचं धुळीचं बोलणं आठवलं. एवढंच बरं आठवलं! त्यांनी सगळ्या शाली आणि वाढदिवसाचे फ्लेक्स अंथरून उरलीसुरली फॉइल झाकून टाकली.

रुपा आली ती आठवा महिना भरल्यावर. खोली पुन्हा पहिल्यासारखी तापत होती. तिसऱ्या दुपारी पोरीला भोवळ आली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, थंडाव्यात ठेवा, नाहीतर दुसरीकडे हलवा.

"वरलं समदं काढा," कौसाबाई म्हणाली.

"शालवरी गरमी व्हस का कधी? सत्कारन्या शाली शेतस त्या!"

कौसाबाई स्वतः शिडी चढायला गेली, तर आप्पांनी शिडीच उचलून गोठ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याहून जावई भाग्येश गाडी घेऊन आला. त्याचं घर कौलारू, मागं चिंचेची सावली. रुपाची पिशवी भरलेली पाहून मात्र आप्पांचं तोंड उतरलं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर गावात काय तोंड दाखवायचं, ही त्यांची काळजी. पोरीची नव्हे, तोंडाची!

"ओ, आयका," कौसाबाई म्हणाली. तिचा राग आता आवाजात मावत नव्हता. "दहा मिनिटनं काम शे. वरलं खाले उतारा, पोर ऱ्हाई. नहीते गाव तोंडमा शेण घालई."

आप्पांनी घाम पुसणाऱ्या लेकीकडे पाहिलं. मग माळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पन हाई समदं ठेवू कोठे?"

कौसाबाई आत गेली. दोन लुगडी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बाहेर आली आणि रुपाशेजारी गाडीत जाऊन बसली. बाळंतपण करायला आईच लेकीच्या सासरी निघाली, हे गावात कुणी ऐकलं नव्हतं. ओट्यावर शेजारी जमले. आप्पा गाडीजवळ धावत आले.

"तू कोठे चालनी?"

कौसाबाईनं काच खाली केली.

"मन्ही खाट रिकामी शे," ती म्हणाली. "तिन्हावर ठेवा."