शापित पंप आणि उस्ताद अपोलिनारचं मलम

मातान्सास शहरातल्या चढावरच्या त्या गल्लीत सकाळी सातला मुंगी शिरायला जागा नव्हती. पाव आणायला निघालेली माणसं पिशव्या हातात धरून थांबली होती. मध्यभागी बेन्सेस्लाओची हिरवी गाडी बॉनेट उघडून उभी होती. गाडी बावन्न सालची, म्हणजे मालकापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तब्येतीच्या तक्रारीही तिच्याच जास्त. इंजिन बंद होतं. चावी बेन्सेस्लाओच्या खिशात होती.

"विचारा त्याला, इंजिन चालू आहे का?" उस्ताद अपोलिनार ओरडला.

"नाही!" गल्लीने एका सुरात उत्तर दिलं.

"मग आता बघा, गाडीच्या अंगात रक्त कोण चढवतं ते!"

पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरी टोपी. हातात मण्यांच्या माळा गुंडाळलेली लांब लोखंडी सळई, वर गिरमिटासारखी वाकडी मूठ. अपोलिनारने इंजिनाच्या बाजूचा, ठिणग्या वाटणारा डिस्ट्रिब्युटर आधीच काढून ठेवला होता. त्या भोकातून त्याने सळई आत सोडली, डोळे मिटले आणि सतरा संतांची नावं घेत ती गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"काटा! काटा बघा!" स्टिअरिंगमागून बेन्सेस्लाओ किंचाळला.

तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून थरथरत उठला आणि चांगला वीसवर जाऊन थांबला. गल्लीने तोंडात बोटं घातली. दोन बायकांनी छातीवर क्रूस काढला. रूपेर्तो न्हावी तेवढा कोपऱ्यात सिगार चघळत उभा होता, कारण त्याचा देवावर, सरकारवर आणि टकलावर उगवणाऱ्या केसांवर सारखाच अविश्वास होता.

"ज्याच्या मनात शंका असेल त्याने चार हात लांब राहावं," अपोलिनारने यामिलेकडे बघत बजावलं. "शंकेने तेल पातळ होतं!"

यामिले ही बेन्सेस्लाओची मुलगी, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी. हा माणूस लबाड आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बंद इंजिनात काटा चढला होता खरा, आणि तो का चढला हे तिलाही सांगता येत नव्हतं. हे तिला फार झोंबत होतं.

भानगड अशी होती की गाडीचा जुना तेलपंप झिजला होता. नव्यासाठी बेन्सेस्लाओने तीन वर्षं वाट पाहिली. शेवटी मायामीच्या पुतण्याने तो बाळाच्या दुपट्यांत गुंडाळून पाठवला. बेन्सेस्लाओने त्याला पेट्रोलने आंघोळ घातली, आरशासारखा लखलखीत केला, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवून बसवला आणि गाडी सुरू केली. काटा शून्यावर! मिनिटभर वाट पाहिली, तरी शून्यच. त्याने घाबरून इंजिन बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा धुतला, पुन्हा बसवला. तीच गत. तेव्हा कुणीतरी मंत्राने यंत्रं बरी करणाऱ्या अपोलिनारचं नाव सुचवलं.

अपोलिनारने पंप नुसता हुंगला आणि निदान केलं: समुद्रावरून आशीर्वादाशिवाय आलेला माल, नजर लागलेली आहे. काल संध्याकाळी त्याने जुनाच पंप पडद्याआड नेऊन 'बरा केला', त्याला आतून मंतरलेलं मलम लावलं आणि बेन्सेस्लाओकडून परत बसवून घेतला. आता नवा पंप पांढऱ्या फडक्यात बांधून तो निघायच्या तयारीत होता.

"हा खाडीत सोडावा लागेल. संतांची तशी आज्ञा आहे."

"खाडीत की बाजारात?" यामिले म्हणाली.

"यामिले, तोंड सांभाळ!" बेन्सेस्लाओ गरजला. "तुझ्या पुस्तकांनी तीन दिवसांत काय केलं? यांनी पाच मिनिटांत काटा चढवला. दहा वाजता पाच उतारू घेऊन मला बारादेरोच्या किनाऱ्यावर जायचंय. घर काय तुझ्या पगारावर चालतं?"

ते खरंच होतं. घरातला तांदूळ आणि घेवडा ती गाडीच आणत होती.

तेवढ्यात ओब्दुलिया आत्या घरातून ओरडली, "पाणी आलं गं! ये लवकर, मोटर लाव!"

त्या गल्लीत पाणी तिसऱ्या दिवशी येतं, तेही जेमतेम खालच्या टाकीपर्यंत. गच्चीवर ते मोटरनेच चढवावं लागतं. संत येवोत की जावोत, पाणी सोडून चालत नाही, म्हणून यामिले पळाली. बटण दाबलं, तर मोटर नुसतीच कोरडी घरघरली.

"अगं, आधी पाजायला नको का तिला?" आत्याने वरचं झाकण उघडलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि पुन्हा बटण दाबलं. मोटरने पाणी धरलं. "उपाशी पंप काय ओढणार? त्याच्या पोटात नुसता वारा."

यामिले तिथेच उभी राहिली. रोज घराघरांत बायका हेच करत होत्या. बेन्सेस्लाओने स्वतः हजार वेळा केलं होतं!

ती धावतच बाहेर आली. अपोलिनार फडकं काखेत मारून निघाला होता.

"उस्ताद, एक विनंती," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की बेन्सेस्लाओला धास्तीच वाटली. "शाप लोकांना दिसू दे ना. एकदा या पंपावर सळई फिरवा. तेल आलं नाही तर खुशाल घेऊन जा."

गल्लीला हे पटलं. फुकट दुसरा खेळ कोणाला नको असतो? यामिलेने उंबऱ्याजवळच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, पंप आवळला, त्याची शोषनळी खाली तेलाच्या बादलीत सोडली. अपोलिनार हसला. अपयशच दाखवायचं होतं, त्यात कसली भीती! त्याने संतांची नावं घेत सळई गरागरा फिरवली, घाम फुटेपर्यंत फिरवली. पंपाच्या तोंडातून थेंबसुद्धा आला नाही.

"बघितलंत? शाप!"

"बघितलं," यामिले म्हणाली. "रूपेर्तो काका, दुकानातली व्हॅसलिनची बरणी आणा बरं."

तिने पंपाचं झाकण खोललं, आतल्या दोन्ही चाकांच्या दातांत बोटाने व्हॅसलिन ठासून भरलं, झाकण लावलं आणि सळई न्हाव्याच्या हातात दिली.

"प्रार्थना मला येत नाही," रूपेर्तोने बजावलं.

"जे येतं ते म्हणा."

रूपेर्तोला येत होत्या त्या बेसबॉलच्या पंचाला द्यायच्या शिव्या. काल मातान्सासचा संघ हरला होता, त्यामुळे त्या ताज्या होत्या. "आंधळ्या! बैला! तो चेंडू आत होता का रे तुझ्या..." आईपर्यंत पोचायच्या आत पंपाने खरखर केली, व्हॅसलिनचा गोळा थुंकला, आणि मागोमाग तेलाची धार सुटली ती थेट उस्तादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

गल्ली खो खो हसली. अपोलिनार मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "माझा हात लागला, शाप उतरला!" त्याने जाहीर केलं.

"वा!" यामिलेने पंप काढून पेट्रोलमध्ये स्वच्छ धुतला, पुसला, परत शेगड्यात लावला. "आता तर उतरलेलाच आहे. फिरवा."

अपोलिनारने फिरवलं. सतरा संत झाले, वर दोन जास्तीचे झाले. पंप कोरडा ठणठणीत.

"शाप परत आला वाटतं, उस्ताद? का पेट्रोलबरोबर व्हॅसलिन गेलं?" तिने त्याच्या झोळीतली मलमाची डबी उचलून न्हाव्याच्या नाकाखाली धरली. "काय आहे हे, काका?"

"माझंच व्हॅसलिन," रूपेर्तो म्हणाला. "वर तुळशीचा वास मारलाय."

"पण काटा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "इंजिन बंद असताना काटा कसा चढला?"

"कारण तेलपंप इंजिनाच्या जोरावर फिरतो तो डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यातून. तो दांडा यांनी काढला आणि तिथून सळई घालून पंप हाताने फिरवला. संत कुठेच नव्हते, फिरवत हेच होते. जुने मेकॅनिक इंजिन जोडलं की सुरू करण्याआधी हेच करतात, फक्त माळा गुंडाळत नाहीत."

बेन्सेस्लाओ अजून अडून होता. "ते असो. जुना पंप बरा झाला की नाही?"

"डिस्ट्रिब्युटर लावा पपा, आणि गाडी इथेच उभी करून तापू द्या."

त्याने गाडी सुरू केली. काटा दिमाखात वर होता. अपोलिनारने सदरा पुसत मान ताठ केली. पंधरा मिनिटं झाली, इंजिन तापलं, आणि काटा हळूहळू बसायला लागला. वीस, बारा, पाच. मग आतून टक् टक् आवाज आला. बेन्सेस्लाओचा चेहरा पांढरा पडला. त्याने झटकन चावी फिरवून इंजिन बंद केलं. बेअरिंग कोरडं पडल्याचा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. दहा वाजता तो आवाज पाच उतारूंसह भर रस्त्यात आला असता, आणि इंजिन कायमचं जाम झालं असतं.

"थंड तेल घट्ट असतं, झिजलेला पंपही ते ढकलतो," यामिले म्हणाली. "तापून पातळ झालं की फटीतून निसटतं. म्हणून यांचा चमत्कार नेहमी सकाळी सातला."

"माझी गाडी पुलाआधीच बंद पडली!" मागून एक ट्रकवाला उसळला. "आणि हा म्हणाला, तुझी श्रद्धा गळकी आहे! माझा पंप कुठाय रे?"

अपोलिनारने चढावरून खाली धूम ठोकली. ट्रकवाला आणि अर्धी गल्ली त्याच्या मागे.

बेन्सेस्लाओ मडगार्डवर बसून राहिला. शेगड्यातून सोडवलेला नवा पंप त्याने मांडीवर घेतला.

"मीच धुतला तो," तो म्हणाला. "चकाचक करण्याच्या नादात आतलं सगळं ग्रीस धुऊन काढलं. मनात येत होतं की काहीतरी माझंच चुकतंय. पण तीस वर्षं गाडी खोलणारा माणूस, कोणाला विचारू? शाप म्हटल्यावर बरं वाटलं गं. शापात माझी चूक नव्हती."

यामिलेला बापाची दया आली आणि रागही आला. ती त्याच्या शेजारी बसली.

"पपा, मलासुद्धा सकाळी सांगता आलं नव्हतं. कळत नाही म्हणायला काही लाज नाही. पण कळत नाही म्हणून लगेच संतांच्या नावावर ढकलायचं नाही. काटा चढला की हात जोडण्याआधी वाकून बघायचं, आत काय फिरतंय. आणि कोणी बघू नको म्हणाला, तर नक्की बघायचं."

बेन्सेस्लाओने मान हलवली, बाह्या सरसावल्या आणि गाडीखाली सरकला. थोड्या वेळाने खालून त्याचा तेलकट हात बाहेर आला.

"व्हॅसलिन दे," तो म्हणाला. "आणि नीट भरलंय का, ते तू एकदा बघून घे."